जनमत चाचणी आणि हळदीकुंकू

अलका ठोसर यांच्यावर अन्याय झाला. कधी? मतदानाच्या आदल्या शनिवारी, सकाळी, साडीच्या निऱ्यांना पिन लावत असताना. दोन्ही हात निऱ्यांत गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि म्हणून मी साक्षीदार आहे. अन्याय करणारी बाई फोनवर रडत होती. खरंच रडत होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पत्रकात आपण आपल्या सोयीचं तेवढंच लिहितो, आणि मला या वेळी पत्रक लिहायचं नाही.

मी पत्रकं लिहून मोठी झालेली मुलगी आहे. कोल्हापुरात कॉलेजला असताना हॉस्टेलचं पाणी, फीवाढ, लायब्ररीची वेळ, जे दिसेल त्यावर पत्रक. पहिल्या ओळीत नाव आणि वेळ नसेल तर वाचणारा त्या कागदाचं विमान करून उडवतो, हे तिथेच शिकले. पुढे कॅनडात एमएस करायला गेले आणि तिथल्या एका प्रांताच्या निवडणुकीत अलका मावशींसाठी घरोघर फिरले. प्रांत कुठला ते सांगत नाही. पक्षाचा रंगही सांगत नाही. रंग कळला की तुम्ही लगेच ठरवून टाकाल की बाईचं चुकलं की बरोबर होतं, आणि पुढचं वाचणारच नाही. मला अनुभव आहे.

आता मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला असते. शुभदा काकूंच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक खोली आहे, तिला वर छतालगत एक आडवी खिडकी. फेब्रुवारीत त्या खिडकीतून बर्फाचं नुसतं पोट दिसतं, राखाडी, मिठाचे डाग पडलेलं. परवा सकाळी बघते तर त्या बर्फात तारेचे दोन पाय उभे. कुणीतरी अंगणात पाटी रोवली होती. इथे मार्चमध्ये प्राथमिक फेरीचं मतदान असतं, त्यामुळे थंडी संपायच्या आत उमेदवारांच्या पाट्या उगवतात. पाटी कुणाची, वर काय लिहिलंय, खालून काही दिसत नव्हतं. नुसते तारेचे पाय.

त्याच दिवशी शिकागोच्या ट्रेनमध्ये फोनवर बातमी वाचली. त्या प्रांतात मुदतीआधीच निवडणूक जाहीर झाली, आणि आमचा पक्ष, जो मागच्या वेळी धुऊन निघाला होता, तो पुन्हा वर चढतोय. मी ती बातमी तीनदा वाचली आणि माझं स्टेशन चुकायची वेळ आली. संध्याकाळी जेवताना माझा चेहरा बघून शुभदा काकूंची रिया, जी अकरावीत आहे आणि माझ्याशी इंग्रजीच बोलते, तिने विचारलं, "आर यू क्रायिंग अबाउट कॅनडा?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "नोबडी क्राइज अबाउट कॅनडा." आणि तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

निवडणुकीला वास असतो. इतरांचं माहीत नाही, मला त्या हिवाळ्याचा वास आजही नाकात येतो. ओल्या लोकरी मोज्यांचा, छापखान्यातून नुकत्याच आलेल्या पत्रकांचा, गार पिझ्झ्याचा, आणि ड्रिल मशीनच्या तापलेल्या लोखंडाचा. ड्रिल कशाला, तर जमीन गोठलेली. पाटीचे पाय नुसते आत जायचे नाहीत. आधी गोठलेल्या मातीत भोक पाडायचं, मग पाटी उभी करायची. आमचं प्रचार कार्यालय म्हणजे प्लाझातलं एक बंद पडलेलं मोबाइलचं दुकान. भिंतीवर अजून जुन्या फोनच्या जाहिराती, आणि त्यांच्यावर टेपने चिकटवलेला अलका मावशींचा फोटो. फोटोत त्यांनी कोट घातलाय आणि त्या कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारख्या अवघडून हसताहेत.

अलका मावशी फार्मसिस्ट. त्याच प्लाझातल्या औषधांच्या दुकानात संध्याकाळच्या शिफ्टला असायच्या. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील त्यांच्या काउंटरशी उभे राहून गोळ्यांबद्दल मराठीत विचारायचे आणि गोळ्यांच्या निमित्ताने सुनेबद्दलही सांगून जायचे. त्यांचा नवरा, श्रीकांत काका, तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला होता. मुलगा क्युपर्टिनोला, सॉफ्टवेअरमध्ये, रविवारी फोन करणारा. मी त्यांना पहिल्या दिवशी "ताई" म्हटलं, प्रचारात म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "ताई म्हणू नकोस बाई, नगरसेविका झाल्यासारखं वाटतं. मावशी म्हण." तेव्हापासून मावशी.

त्यांना उमेदवारी मिळाली ती कुणालाच नको होती म्हणून. पक्ष तिसऱ्या नंबरवर होता, त्या मतदारसंघात तर चौथ्या. अर्जावर कुणाचं तरी नाव हवं होतं. मावशींनी हो म्हटलं, कारण, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, श्रीकांत काका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या बाहेर ज्या रात्री नंबर लागायची वाट बघत खुर्चीत बसून होते त्या रात्रीनंतर त्यांना कुणालातरी काहीतरी विचारायचं होतं, आणि विचारायला जागा सापडत नव्हती.

आमचा मॅनेजर ब्रायन नावाचा तिथलाच मुलगा. कामाला वाघ, डोक्यावर कायम एक गोंड्याची टोपी. दार ठोठावलं की समोरचा मत देणार की नाही, याचा अंदाज आम्ही त्याला संध्याकाळी सांगायचा. पहिल्या रविवारी आम्ही मराठी घरं केली. प्रत्येक घराने आत घेतलं. चहा दिला, दोन घरांनी पोहे केले, एका काकांनी मुंबईहून आणलेली बाकरवडी काढली. ब्रायन आमच्या बरोबर होता. तो बाहेर आल्यावर इतका खूश की त्याने बर्फातच मला टाळी दिली. त्याच्या हिशोबाने ती सगळी घरं आमची. त्याच्या लोकांत ज्याला मत द्यायचं नाही त्याला दारातूनच हाकलतात, आत घेतलं याचा अर्थ काम झालं. मावशी गाडीत बसून हसत सुटल्या. म्हणाल्या, "अरे बाबा, हे लोक मीटर रीडरलाही चहा देतात." ब्रायनला मीटर रीडर कळला, चहा कळला, मधला संबंध कळला नाही.

पण नंतर ते हसणं माझ्या मनात राहिलं. आपण कुणाला नाही म्हणत नाही. "बघू" म्हणतो, "नक्की प्रयत्न करू" म्हणतो, बशीत आणखी एक बाकरवडी ठेवतो. समोरचा मुलगा परदेशी असेल तर तो फसतो. समोरची बाई आपली असेल तर तिला सगळं कळतं, आणि तरी ती बाकरवडी खाते.

मग वारं फिरलं. सत्ताधाऱ्यांचं काहीतरी प्रकरण बाहेर आलं, दुसऱ्या नंबरच्या पक्षात नेत्याविरुद्ध बंड झालं, आणि जनमत चाचण्यांत आमचा आकडा चढायला लागला. आधी थोडा, मग इतका की मोबाइलच्या दुकानात टीव्हीवाले आले. त्या आठवड्याचं मला काय काय आठवतं. कार्यालयाचं दार सारखं उघडत होतं आणि प्रत्येक वेळी थंडीचा एक लोट आत येत होता, आणि कुणी तक्रार करत नव्हतं, कारण प्रत्येक लोटाबरोबर एक माणूस येत होता. जे काका पहिल्या रविवारी "बघू" म्हणाले होते ते स्वतः ड्रिल घेऊन आले. अंगणांत पाट्या लागल्या. संध्याकाळी गाडीतून जाताना हेडलाइटच्या उजेडात ठोसर, ठोसर, ठोसर असं वाचत जायचो आम्ही. मावशी खिडकीला नाक लावून बघायच्या. "माझ्या सासऱ्यांचं नाव आहे गं हे," एकदा म्हणाल्या. "ते सातारच्या बाहेर कधी गेले नाहीत."

त्याच आठवड्यात नीता काकू आल्या. नीता काकू तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यवाह. नाटक, गणपती, कोजागिरी, सगळं त्यांच्या अंगावर. त्या मावशींच्या जुन्या मैत्रीण, पण त्या दिवशी कार्यवाह म्हणून आल्या होत्या. मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा फेब्रुवारीत होतं, कारण आपल्याकडे परदेशात पंचांगापेक्षा हॉलचं बुकिंग मोठं. आणि प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांना अलका मावशी हव्या होत्या. नुसत्या पाहुण्या असं नव्हे, पहिलं हळदीकुंकू मावशींच्या हातून लावायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

मावशींनी हातातली पत्रकं खाली ठेवली. म्हणाल्या, "नीता, मला चालेल, पण तुमच्याकडच्या सगळ्यांना चालेल का ते बघ." नीता काकूंनी हात उडवला. आमच्या मंडळात आता असलं काही राहिलं नाही, सवाष्ण-बिवाष्ण, काळ बदललाय, उलट तुझ्यामुळे आमचा मान वाढेल. असं बरंच बोलल्या. मी कोपऱ्यात पत्रकांच्या घड्या घालत ऐकत होते आणि मला मनापासून आवडलं. मी कोल्हापूरच्या माझ्या मैत्रिणीला लगेच मेसेज केला की बघ, इथे सात समुद्रापार आपल्या बायका काय करताहेत.

पुढच्या रविवारी मावशींनी कपाटातून मोरपंखी रंगाची एक साडी काढली. श्रीकांत काका गेल्यापासून नेसली नव्हती. कुणी मनाई केली म्हणून नव्हे. "नेसून जायचं कुठे?" म्हणाल्या. घडीवर घडीच्या रेषा पांढुरक्या झाल्या होत्या. आम्ही ती जेवणाच्या टेबलावर अंथरली आणि इस्त्री केली. इस्त्रीच्या वाफेत डांबरगोळीचा वास होता. मावशी सारख्या काठावरून हात फिरवत होत्या. मला त्या दिवशी कळलं की त्यांना आमदार व्हायचं होतं की नाही कुणास ठाऊक, पण त्या हॉलमध्ये त्यांना जायचं होतं.

मग टीव्हीवर नेत्यांची चर्चा झाली. आमच्या नेत्याला एक साधा प्रश्न विचारला आणि तो अडखळला. अडखळला, मग हसला, मग पुन्हा अडखळला. एवढंच. मी कार्यालयात उभी राहून बघत होते. ब्रायनने टोपी काढून टेबलावर ठेवली. पुढच्या चाचणीत आकडा उतरला, त्याच्या पुढच्या चाचणीत आणखी.

दार उघडायचं थांबलं. खोली उबदार राहायला लागली, आणि ती ऊब मला सहन होईना. पक्षाच्या वरच्या कार्यालयाने आमचे निम्मे कार्यकर्ते "जिंकता येण्यासारख्या" जागांवर हलवले. तो त्यांचा धंदाच आहे, त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटलं ते पाट्यांचं. पाट्या कुणी चोरल्या नाहीत, मोडल्या नाहीत. त्या अंगणातून गॅरेजमध्ये गेल्या. एका काकांनी सांगितलं, बर्फ काढणाऱ्या गाडीला मध्ये येते. ड्रिल घेऊन आलेल्या काकांची पाटी म्हणे वाऱ्याने पडली. शेजारच्या घरची, सत्ताधाऱ्यांची, वाऱ्यात उभी होती. मी तोंडावर विचारलं, की काका, वारा काय रंग बघून वाहतो? त्यांनी मला चहा विचारला.

मला चहाचा राग आला तो तेव्हापासून.

आणि मग तो शनिवार. मी सकाळीच मावशींकडे गेले होते, त्यांना हॉलवर घेऊन जायला. त्यांनी केसांना पिना लावल्या होत्या, पदर खांद्यावर होता, निऱ्या झाल्या होत्या आणि पिन कुठे टोचायची यावर आमची चर्चा चालू होती. फोन वाजला. नीता काकूंचं नाव बघून मावशी हसल्या, म्हणाल्या घाई करतेय, लाव स्पीकरवर.

नीता काकू म्हणाल्या, "अलका, रागावू नकोस गं. कमिटीत काल बोलणं झालं. काही ज्येष्ठ बायका आहेत, त्यांचं वय झालंय, त्यांना जुन्या गोष्टी लागतात. हळदीकुंकूच आहे ना शेवटी. तू जेवायला ये ना. नंतर ये."

मावशींच्या हातात निऱ्या तशाच होत्या. त्या म्हणाल्या, "नीता, या ज्येष्ठ बायका महिन्यापूर्वी कुठे होत्या?"

तिकडून रडणं आलं. आणि रडता रडता जे आलं त्यावरून कळलं, की पहिल्या खुर्चीत आता सत्ताधारी उमेदवाराची बायको बसणार होती. मंडळाच्या दोघी तिच्या घरी तिला साडी नेसवायला गेल्या होत्या. तिला हळद कुठली आणि कुंकू कुठलं हे माहीत नव्हतं. तिचा नवरा जिवंत होता आणि तो निवडून येणार होता. एवढ्यावर तिचं काम झालं.

आजवर मी खूप ठिकाणी भांडले आहे. रूढीशी भांडताना मला मजाही येते, कारण रूढी समोर उभी असते. ज्या आजीला खरंच वाटतं की विधवेच्या हातचं कुंकू लावू नये, तिच्याशी मी तासभर बोलेन, हरेन, आणि तिच्या पाया पडून येईन. पण इथे रूढी मेली होती. मंडळानेच जाहीर केलं होतं तसं. आणि जनमत चाचणीचा आकडा उतरल्यावर त्यांनी ती मेलेली रूढी उकरून काढली, झटकली, आणि एका बाईच्या अंगावर टाकली, कारण "तुम्ही हरणार आहात" असं तोंडावर म्हणायची लाज वाटत होती. त्यांना राजकीय कारण अपमानाचं वाटलं. वैधव्याचं कारण सभ्य वाटलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ करत नाही.

मला वाटलं मावशी साडी सोडतील. त्यांनी पिन लावली. आरशात बघितलं. मग साडीवर तो जाडजूड कोट चढवला, पायात बर्फाचे बूट घातले आणि म्हणाल्या, अपार्टमेंटच्या इमारती राहिल्यात ना आपल्या, चल.

त्या दिवशी आम्ही दोघींनीच केला प्रचार. मोरपंखी साडी, खाली काळे रबरी बूट, काठाला बर्फाचा चिखल. हॉल वाटेवरच होता. पार्किंग भरलं होतं. एका गाडीतून दोघी बायका उतरत होत्या, नथी घातलेल्या, पदर वाऱ्यात धरून, हसत. मी गाडीचा वेग वाढवला. मावशी म्हणाल्या, "हळू चालव. घसरडं आहे."

इमारतीत चौथ्या की पाचव्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं. कुठल्या देशाची होती माहीत नाही, इंग्रजी मोडकं होतं, हाताला पीठ लागलेलं. ती साडीकडे बघत राहिली. विचारलं, लग्न आहे का? मावशी म्हणाल्या, "नो. इलेक्शन." बाईने पीठ लागलेला हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पदर हलकेच चाचपला. म्हणाली सुंदर आहे. दिवसभरात त्या साडीबद्दल बोललेलं ते एकमेव माणूस.

परतताना गाडी गरम व्हायची वाट बघत बसलो होतो. काचेवर आमच्या श्वासाचं धुकं. मावशी समोर बघत म्हणाल्या, "श्रीकांत गेला तेव्हा याच बायका आल्या होत्या गं. महिनाभर डबे दिले. नीता तर माझ्या शेजारी झोपायची. तेव्हा माझा स्पर्श कुणाला नको नव्हता." मग थोड्या वेळाने, "मी हरले तर मला काही वाटणार नाही. मला वाटतं ते हे, की मी दुसऱ्यांदा विधवा झाले, आणि या वेळी डबा घेऊन कुणी येणार नाही."

त्या हरल्या. वाईट हरल्या. पुढच्या सोमवारी औषधांच्या दुकानात बायका नेहमीसारख्या रांगेत उभ्या, अलका, ही गोळी जेवणाआधी की नंतर? त्या शनिवारचा विषय कुणी काढला नाही. मावशींनी सांगितलं, जेवणानंतर.

मला मत नव्हतं. तिथे मी विद्यार्थी होते. इथे नोकरीच्या व्हिसावर आहे, इथेही नाही. कोल्हापूरच्या यादीत माझं नाव असेल अजून, पण मी तिथे नाही. मी जिथे जिथे आहे तिथे दुसऱ्यांच्या दारावरच्या पाट्या बघते. सकाळच्या ट्रेनमध्ये डब्यात सगळे गप्प, सगळ्यांच्या हातात फोन, बाहेर घरांमागून घरं, पांढरी अंगणं. इथल्या मंडळाच्या ग्रुपवर तिळगुळाचे फोटो येतात. मी लाइकचा अंगठा टाकते. इथे माझं कुणाशी भांडण नाही. एखाद्या गावात आपलं कुणाशी भांडणही नसावं, यासारखी पोकळी नाही.

म्हणजे नव्हतं भांडण, गेल्या रविवारपर्यंत. शुभदा काकूंनी घरी हळदीकुंकू केलं. मी वाटाण्याच्या करंज्या तळल्या, रियाने वाण म्हणून छोट्या मेणबत्त्या बांधल्या. बायका आल्या, हसल्या, गेल्या. मग आवरताना मी सहज विचारलं की कोपऱ्यावरच्या मंगल काकू दिसल्या नाहीत. त्या रोज सकाळी कुत्र्याला घेऊन जातात, त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. शुभदा काकू म्हणाल्या, "अगं, त्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून नाही बोलावलं." मी म्हटलं, त्यांना विचारलंत का? मी भाडेकरू आहे, जीभ आवरायला हवी होती, पण माझ्या जिभेला ती सवय नाही. काकू बराच वेळ एकच वाटी पुसत राहिल्या. त्या चांगल्या आहेत. मला ताप आला की खाली येऊन बसतात. नीता काकूही चांगल्याच होत्या. हीच तर अडचण आहे. वाईट माणसांविरुद्ध मला पत्रक लिहिता येतं.

वारं फिरलं, वारं फिरलं, असं सगळे म्हणतात, जणू ते उत्तरेकडून तळ्यावरून येतं आणि आपण बिचारे दारं लावून बसतो. मी मोबाइलच्या त्या दुकानात उभं राहून पाहिलंय. चाचणीचा फोन ज्या घरांत वाजतो त्याच घरांत बाकरवडी असते. वारं आपल्याच तोंडातून निघतं, आणि मग आपणच त्याच्याकडे पाठ करून उभे राहतो.

काल मावशींचा फोन आला. मी स्टेशनवरून चालत येत होते, कानटोपीत फोन खुपसून. पक्षाने पुन्हा विचारलंय, या वेळी जागा जिंकता येण्यासारखी आहे म्हणून. आणि नीता काकूंचाही मेसेज आलाय. हळदीकुंकू. प्रमुख पाहुण्या. मी तिथल्या तिथे रस्त्यात थांबले आणि माझी गाडी सुरू झाली, की मावशी, तोंडावर नाही म्हणा, नाही, मी लिहून देते काय म्हणायचं ते.

मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऋता, मला हो म्हणायचंय."

मी कानटोपीतला फोन नीट केला.

"तुला राग येईल. मला माहितेय ते का बोलावताहेत. पण त्या शनिवारनंतर मी चार हिवाळे एकटी जेवलेय. मला त्या हॉलमध्ये जायचंय गं. फक्त एक सांग. मधेच पुन्हा आकडा उतरला, आणि पुन्हा तसा फोन आला, तर मी काय करू?"

वेळ मारून नेणारी माणसं मला आवडत नाहीत आणि मी वेळ मारून नेली. म्हटलं, विचार करून सांगते. बर्फ पडायला लागला होता, तसाच उभ्याने थोडा वेळ अंगावर घेतला. घरी आल्यावर विचार केला, आणि लक्षात आलं की याचं उत्तर माझ्याकडे नाहीच. मी आठशे किलोमीटरवर एका बेसमेंटमध्ये आहे. उत्तर तुमच्याकडे आहे.

तुम्ही त्या हॉलमध्ये होतात. किंवा दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये, पिस्कॅटवेला, क्युपर्टिनोला, याच रस्त्याच्या कोपऱ्यावर. तुमच्याकडेही एक बाई आहे जिला तुम्ही तिच्या सोयीसाठी बोलावलं नाही, आणि तिला विचारलंही नाही. तिला प्रमुख पाहुणी करू नका. तिच्यावर ठराव करू नका, ग्रुपवर तिचं कौतुक लिहू नका. आणि आकडा चढता असेल तेव्हा तर तिच्याकडे मुळीच जाऊ नका, तेव्हा सगळेच जातात. ज्या दिवशी आकडा उतरेल, ज्या दिवशी तिच्या नावाने कुणाचं काही भलं होण्यासारखं उरणार नाही, त्या दिवशी गाडी काढा. पुरुषांनो, हे बायकांचं काम म्हणून सुटू नका, गाडी तुम्हीच काढा. तिच्या दारावरची बेल वाजवा. ती आत घेईल, चहा विचारेल. चहा नंतर. आधी कपाळ पुढे करा, आणि पहिलं कुंकू तिच्या हातून लावून घ्या.